पानाची डावी बाजू

राजेरजवाड्यांच्या लढायांविषयीं लिहिणारांची वानवा कधींच पडली नाहीं; परंतु पानाच्या डाव्या बाजूस, मीठ-लिंबाच्या शेजारीं निमूटपणें बसणाऱ्या कोशिंबिरीकडे इतिहासकाराचें लक्ष क्वचितच जातें. भाजी, आमटी हे उजवीकडचे मानकरी. डावीकडचें सारें तोंडीं लावण्याचें, चमचाभर वाढावयाचें. पण चैत्र-वैशाखांत उन्हाच्या तलखीनें अन्न नकोसें झालें, म्हणजे याच चमचाभर पदार्थाच्या आधारानें भात पोटांत जातो.

उन्हाळ्यांतील खमंग काकडीची एक वाटी घेतली, तरी तींत केवढा भूगोल सामावलेला असतो! काकडी मूळची हिमालयाच्या पायथ्याकडची, नारळ कोंकणचा, हिंग काबूल-इराणाकडून आलेला. येथवर सारें जुनें. परंतु हिरवी मिरची व दाण्याचें कूट हीं दोन्हीं अमेरिकेचीं. इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लास' रचिला. राजाच्या भोजनाचें सविस्तर वर्णन त्यांत आहे. पण तेथें तिखटाचें काम मिऱ्यांकडे व आल्याकडे. मिरची असणें शक्यच नव्हतें. ती अद्याप समुद्रापलीकडे होती. १४९८ सालीं पोर्तुगीज कालिकतला उतरले, १५१० सालीं गोवें त्यांच्या हातीं गेलें, आणि त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यास लागली.

गंमत अशी कीं, सोंवळ्याओंवळ्याच्या बाबतींत अत्यंत काटेकोर असलेल्या घरांतहि मिरची व भुईमूग हे परदेशी पाहुणे एकादशीच्या फराळाला चालूं लागले. बटाटा त्यांच्याच देशचा. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तोहि तिकडचाच. उलट कांदा या देशांत कितीतरी जुना, पण त्याला उपवासाच्या दिवशीं उंबरठ्याबाहेर थांबावें लागतें. मिरचीला व दाण्याला ही परवानगी कोणत्या प्राचीन ग्रंथानें दिली असणार? जीं फळें ग्रंथकारांनीं पाहिलींच नव्हतीं, त्यांचा निवाडा स्वयंपाकघरानेंच केला, आणि दोनचार पिढ्यांत तो निवाडा 'पूर्वापार चाल' म्हणून रूढ झाला. टोमॅटो मात्र फार मागाहून आला. बंगाल्यांनीं त्याला 'विलायती वांगें' अशा अर्थाचें नांव दिलें, त्यावरूनच त्याचें परकेपण उघड होतें.

कच्च्या पदार्थाची खरी अडचण पाण्याची. भाजी शिजते, कोशिंबीर शिजत नाहीं. म्हणून ज्या पाण्यानें काकडी धुवावयाची, त्या पाण्यावर खाणाराचा जीव अवलंबून. पटकीच्या साथींनीं घरेंच्या घरें ओस पडत, त्या काळीं ही केवळ बोलण्याची गोष्ट नव्हती. मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें आलें. १८८४ सालीं रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें पटकीचे जंतु कलकत्त्यांतील एका तळ्याच्या पाण्यांत दाखवून दिले. कच्ची काकडी निर्धास्तपणें खाण्यामागें पाकशास्त्राहून नळाचाच वांटा मोठा आहे.

जुन्या स्वयंपाकघरांत चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर आणि विळीहि जमिनीवरच. काकडी कोचवावयाची ती विळीवर: काकडी हातांत फिरवीत तिच्या टोकास पात्यावर जवळजवळ चिरा द्यावयाच्या, आणि मग तेवढा भाग कापावयाचा, म्हणजे खालीं बारीक कण पडतात. किसलेल्या काकडीप्रमाणें तिचा लगदा होत नाहीं. दाताखालीं ती कुरकुरते. हें कसब एका पायानें विळीचा पाट दाबून धरणाऱ्या स्त्रियांचें.

पुढें स्टोव्ह आला. १८९२ सालीं लिंडक्विस्ट या स्वीडिश गृहस्थानें सिद्ध केलेल्या 'प्रायमस'ला ना वात, ना धूर. तो फळीवरहि ठेवतां येई. १९५५ सालीं मुंबईंत स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरांतून मिळूं लागला. चूल अशी वर चढली, ओटा झाला, गृहिणी उभी राहिली. उभ्या माणसाला विळी काय कामाची? तिच्या जागीं सुरी आली, आणि काकडीच्या कणांऐवजीं चकत्या पानांत पडूं लागल्या. हें नुकसान खरेंच आहे. पण विळी गेल्याची हळहळ बहुधा जेवणारेच अधिक करतात. ज्यांच्या गुडघ्यांनीं ती सोसली आणि ज्यांच्या डोळ्यांनीं चुलीचा धूर सोसला, त्यांना ओट्याचेंच कौतुक अधिक.

रेफ्रिजरेटरानें दह्याचा प्रश्न सोडविला. एरव्हीं सकाळचें दहीं उन्हाळ्यांत संध्याकाळपर्यंत आंबट होऊन जाई. मिठाच्या बाबतींत मात्र कोणतीहि नवी सोय उपयोगी पडलेली नाहीं. मीठ लागतांच काकडींतील पाणी बाहेर ओढलें जातें, आणि घटकाभरांत वाटींत कोशिंबिरीऐवजीं सार दिसूं लागतें. त्यामुळें मंडळी पाटावर बसलेली असोत कीं टेबलाशीं, कूट, खोबरें, फोडणी आधींच पडते. मीठ घालावयाचें तें पानें वाढल्यावरच.