नाकावर बेतलेला मुखवटा
झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्यांसाठी कॉलिन सलिव्हन यांनी 1980 मध्ये सिडनीत दाबाच्या हवेचा उपाय काढला; 1981 मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ही हवा फुंकणारे यंत्र जमले, पण ती नाकात पोचवणाऱ्या मास्कची खरी डोकेदुखी होती. सुरुवातीला रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावर फायबरग्लासचा मास्क घडवत. रोज रात्री सिलिकॉनने तो चेहऱ्याला चिकटवायचा, सकाळी सोलून काढायचा. हवा निसटत नसे. त्वचेचे हाल मात्र विचारू नयेत. पुढे मास्कला मऊ सिलिकॉनची दुपदरी कड आली. बाहेरचा पातळ पदर आतल्या हवेनेच फुगून गालाला टेकतो. मास्क बांधायचे पट्टे करकचून आवळले की तोच पदर चुरगळतो आणि हवा डोळ्यांकडे फुसफुसते.