हेझेल फ्लॅगचे खोटे मरण

रिक्षाच्या मागच्या काचेवर, मोटारसायकलच्या नंबरप्लेटवर चिकटवलेल्या चकाकत्या कागदाला आपल्याकडे सर्रास 'रेडियम' म्हणतात. वर्गात मूलद्रव्यांचा तक्ता शिकवताना आम्ही 88 या क्रमांकावर बोट ठेवले की एखादा तरी विद्यार्थी म्हणतोच, "सर, हे तर आमच्या अब्बांच्या रिक्षावर आहे!" वर्ग हसतो, आम्हीही हसतो. मग समजावून सांगतो की त्या कागदात रेडियमचा कणही नाही. तो आपल्यावर पडलेला उजेड परत फेकतो, एवढेच. खऱ्या रेडियमने उजळणाऱ्या वस्तू वेगळ्या होत्या, आणि त्या उजळवताना काही मुलींचे प्राण गेले. वस्तू गेली, मुली गेल्या, नाव मात्र चिकटून राहिले.

हसण्याचा आणि रेडियमचा असाच एक जुना संबंध अमेरिकेच्या रंगभूमीच्या इतिहासात सापडतो. त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हाला वाटते.

11 फेब्रुवारी 1953 रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरमध्ये 'हेझेल फ्लॅग' नावाचे संगीत विनोदी नाटक सुरू झाले. त्या काळात ब्रॉडवेवरची संगीत नाटके बहुधा कादंबरीवरून, कथांवरून किंवा जुन्या नाटकांवरून बेतली जात. नाटक गाजले की त्याचा चित्रपट निघे. येथे प्रवाह उलटा होता. 1937 साली आलेल्या 'नथिंग सेक्रेड' या चित्रपटावरून हे नाटक रचले गेले. चित्रपट लिहिणारे बेन हेक्ट यांनीच नाटकाचा मजकूर लिहिला. संगीत जूल स्टाइन यांचे आणि गीते बॉब हिलियर्ड यांची होती. नायिका हेलन गॅलघर आणि म्हातारा डॉक्टर थॉमस मिचेल. या भूमिकेसाठी मिचेल यांना टोनी पुरस्कार मिळाला. प्रयोग मात्र 190 झाले. त्याच काळात 'साउथ पॅसिफिक'ने दोन हजारांच्या जवळ मजल मारली. त्या हिशेबात हे यश बेताचेच म्हणावे लागेल.

कथा अशी. व्हर्मॉन्टमधल्या एका लहानशा गावात हेझेल राहते. रेडियमची विषबाधा होऊन ती आता थोड्याच दिवसांची सोबती आहे, असे गावचा डॉक्टर सांगतो. पुढे त्याच्या लक्षात येते की आपले निदान चुकले, मुलगी ठणठणीत आहे. पण तोवर न्यूयॉर्कहून बातमीदार येऊन ठेपलेला असतो. मरणाऱ्या मुलीला शहराची सैर घडवायची, तिचे शेवटचे दिवस छापायचे आणि अंक खपवायचे, हा त्याचा बेत. मूळ चित्रपटात हे काम दैनिकाचे आहे. नाटकात ते एका मासिकाच्या संपादक बाईंकडे दिले आहे. हेझेलला गाव सोडून न्यूयॉर्क पाहायचेच असते. ती गप्प राहते.

नाटक आज पाहायला मिळत नाही, त्याच्या गाण्यांची तबकडी तेवढी उरली आहे. चित्रपट मात्र सहज मिळतो. त्यात सगळे शहर हेझेलसाठी रडते. कुस्तीचा सामना मध्येच थांबवून हजारो प्रेक्षकांना तिच्यासाठी स्तब्ध उभे केले जाते. व्हिएन्नाचा विशेषज्ञ तिला तपासून सांगतो की हिला काहीही झालेले नाही. तेव्हा मालकाला आनंद होत नाही, धडकी भरते. मुलगी जगली तर पेपर मरेल! अखेरीस खोटे मरण जाहीर करून सर्वजण सुटतात, आणि जिवंत हेझेल काळा चष्मा लावून नवऱ्यासोबत बोटीतून निघून जाते.

याच चित्रपटाच्या आरंभी एक प्रसंग आहे, जो आमच्या वाचकांच्या नजरेतून सुटू नये. हाच बातमीदार पूर्वेकडचा कोणी 'सुलतान' शहरात आल्याचे छापून मोठी मेजवानी घडवून आणतो. डोक्याला फेटा, अंगात झगा आणि लाखोंच्या देणगीची घोषणा. तेवढ्यात त्याची बायको मुलांना घेऊन दारात उभी राहते. सुलतान म्हणजे न्यूयॉर्कमध्येच बूट पॉलिश करणारा एक काळा माणूस निघतो. विनोद वृत्तपत्रावर आहे हे खरे. पण पूर्वेचा माणूस म्हणजे फेटा आणि झगा, एवढ्यावर सगळ्या शहराचा विश्वास बसतो, हेही त्यात आले. आणि काळ्या माणसाला हसूनच पडदा पुढे सरकतो.

आता हसणे बाजूला ठेवून खऱ्या हेझेलकडे वळू.

रेडियमचा क्षार जस्ताच्या संयुगात मिसळला की अंधारात उजळणारा रंग तयार होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांना रात्री दिसणारी घड्याळे हवी होती. न्यू जर्सीतील ऑरेंज गावी 1917 पासून तबकड्यांवर असे आकडे रंगवण्याचे काम सुरू झाले. पुढे इलिनॉयमधल्या ओटावा येथेही झाले. कामाला बहुतेक तरुण मुली. आकडा बारीक यावा म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून निमुळते करायचे, रंगात बुडवायचे, आकडा काढायचा, पुन्हा ओठांत धरायचे. दिवसभर हेच. यात धोका नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते.

आपले शरीर रेडियमला कॅल्शियम समजते आणि हाडांत नेऊन साठवते. तेथे ते आतल्या आत जाळत राहते. निम्मे व्हायलाच त्याला सुमारे 1600 वर्षे लागतात. मुलींचे दात पडू लागले, जबडे कुजले, हाडे आपोआप मोडू लागली. मॉली मॅजिया 1922 साली गेली तेव्हा मृत्यूचे कारण म्हणून गुप्तरोग लिहिला गेला. म्हणजे जीव गेला तो गेला, वर बदनामीही पदरात पडली. 1927 साली तिचे दफन उकरून हाडे तपासली, तेव्हा त्यांतून रेडियमचे किरण निघत होते. कागदावर आलेला डाग पुसायला पाच वर्षे आणि एक उघडलेली कबर लागली.

त्याच वर्षी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारणींचा दावा कोर्टात उभा राहिला. त्या चौघींत मॉलीच्या दोन बहिणीही होत्या. कंपनीचे वकील तारखांवर तारखा मागत होते. मुलींकडे तेवढे आयुष्य नव्हते. येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात वॉल्टर लिपमन यांनी कडक अग्रलेख लिहून या दिरंगाईवर कोरडे ओढले. जून 1928 मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला 10,000 डॉलर, वर्षाला 600 डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. म्हणजे ज्या वृत्तपत्रांची हेक्ट खिल्ली उडवतात, त्यांतल्याच एकाने खऱ्या मुलींना वेळेवर हात दिला. तर त्याच वर्षी ओटावाच्या कंपनीने आमच्या कामगार सुरक्षित आहेत असे निवेदन स्थानिक वृत्तपत्रात छापून आणले. कागद तोच, शाईही तीच. ती कोणासाठी वापरायची, हा प्रश्न आहे.

'नथिंग सेक्रेड' पडद्यावर आला नोव्हेंबर 1937 मध्ये. चित्रपटातली हेझेल घड्याळाच्या कारखान्यात काम करणारी मुलगी आहे. बेन हेक्ट स्वतः शिकागोत बातमीदारी केलेले. रेडियम, घड्याळ आणि तरुण मुलगी ही जुळणी त्या काळच्या प्रेक्षकाला नवी नव्हती. चित्रपटानंतर तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, ओटावाच्या कॅथरीन डोनह्यू यांची सुनावणी सुरू झाली. दुखणे बरे होणारे नाही हे डॉक्टरच्या तोंडून ऐकून त्या तेथेच कोसळल्या. उरलेली सुनावणी त्यांच्या घरी झाली. त्या कोचावर पडून साक्ष देत होत्या. त्यांचे वकील लिओनार्ड ग्रॉसमन यांनी फी घेतली नाही. त्या जिंकल्या, पण जुलै 1938 मध्ये त्यांचे निधन झाले. कंपनीचे अपील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले तोवर ऑक्टोबर 1939 उजाडला होता.

खोट्या हेझेलसाठी कुस्तीचा आखाडा उभा राहिला. खऱ्या कॅथरीनला एका कोचावर पडून आपण मरत आहोत हे सिद्ध करावे लागले.

1953 पर्यंत रेडियमची जागा अणुबॉम्बने घेतली होती. नेवाडाच्या वाळवंटात 1951 पासून चाचण्या चालू होत्या. नाटकावरून जुलै 1954 मध्ये 'लिव्हिंग इट अप' हा चित्रपट निघाला. त्यात हेझेलचा होमर झाला, जेरी लुईस यांनी तो रंगवला. त्याला 'किरणोत्सर्ग' होतो तो अणुचाचणीच्या वाळवंटात सापडलेल्या मोटारीमुळे. अर्थात तोही खोटाच. त्याच वर्षी 1 मार्चला बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या 23 खलाशांच्या अंगावर पडली होती. त्यांतले आइकिची कुबोयामा 23 सप्टेंबर 1954 रोजी वारले.

मग विनोद करूच नये काय? आमचे म्हणणे तसे नाही. मरणाचा बाजार मांडणाऱ्यांना आणि तो पाहून सुखाने रडणाऱ्या वाचकाला हेक्ट यांनी नेमके पकडले आहे, ते सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही झोंबते. आमची तक्रार निराळी आहे. सुंदर, हसरी, अंग न कुजलेली मरणारी मुलगी वाचकाला हवी असते, हे त्यांनी ओळखले. पण 1937, 1953 आणि 1954 अशा तिन्ही वेळा त्यांच्या आणि त्यांच्या पाठच्यांच्या कथेत आजार खोटाच ठरतो. दिवे लागतात, प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो, आणि रेडियम म्हणजे एक चुकलेले निदान, एवढेच त्याच्या लक्षात राहते. ज्यांचे निदान बरोबर होते त्या मुली त्या रंगमंचावर कधी आल्याच नाहीत.

त्यांच्यासाठी ओटावा गावात 2 सप्टेंबर 2011 रोजी एक पुतळा उभा राहिला. एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात फूल घेतलेली तरुण कामगार मुलगी. शाळेच्या प्रकल्पासाठी हा इतिहास वाचणाऱ्या एका विद्यार्थिनीने हा आग्रह धरला होता. मोठमोठे लेखक, गीतकार आणि निर्माते जेथे हसून पुढे गेले, तेथे एक शाळकरी मुलगी थांबली.

आता 88 क्रमांकावर बोट ठेवले की आम्ही रिक्षाचा विनोद होऊ देतो. वर्ग पोटभर हसतो. मग फळ्यावर दोन नावे लिहितो: मॉली मॅजिया आणि कॅथरीन डोनह्यू. वर्ग शांत होतो, आणि मग आम्ही धडा सुरू करतो.