सांगाडा नसलेले खोगीर : फायदे आणि मर्यादा

'खोगीर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. मूळ शब्दाचा अर्थ 'घाम टिपणारे' असा आहे. घोड्याच्या पाठीवर घालण्याची, आत भरण असलेली गादी म्हणजे खोगीर. निरुपयोगी भरताडाला 'खोगीरभरती' म्हणतात, तेही या गादीतील भरणावरूनच. पाश्चात्त्य देशांत गेल्या काही दशकांत 'ट्रीलेस सॅडल' या नावाने लोकप्रिय झालेले साधन हा तत्त्वतः या जुन्या गादीचाच सुधारलेला अवतार होय. घोड्याच्या पाठीला ते अधिक सुखाचे असते, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. हा दावा काही अटींवरच खरा ठरतो.

सांगाडा कशासाठी?

नेहमीच्या चामडी खोगिराच्या पोटात लाकडाचा, धातूचा किंवा फायबरचा कडक सांगाडा असतो. इंग्रजीत त्याला 'ट्री' म्हणतात. तो तीन कामे करतो. स्वाराचे वजन पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब स्नायूंवर पसरवतो, कण्याच्या वर मोकळी पन्हळ राखतो आणि रिकिबींना भक्कम आधार देतो. अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या मॅक्लेलन खोगिराच्या मधोमध कण्यावर लांब फटच ठेवलेली होती. दिवसभर चालणाऱ्या घोड्याच्या कण्यावर भार येता कामा नये, हा त्यामागचा हेतू होता.

सांगाड्याविना खोगिराचा इतिहास याहून फार जुना आहे. सायबेरियातील पाझिरिक येथील थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची नमद्याची व चामड्याची खोगिरे सापडली आहेत. कण्याच्या दोन्ही अंगांना एकेक भरलेली उशी, अशी त्यांची रचना आहे. कण्याला भार सोसत नाही, हे त्या काळच्या स्वारांनाही ठाऊक होते, असे त्यावरून दिसते.

नगर परिसर आणि घोडा

पुणे-नगर महामार्गावरील सुपे आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जात असले, तरी ज्या पारनेर तालुक्यात ते वसले आहे, त्याचा घोड्याशी संबंध जुना आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडील पाणी घोड नदीमार्गे भीमेला मिळते आणि भीमेच्याच खोऱ्याने दख्खनी घोड्याला 'भीमथडी' हे नाव दिले. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडी येथे मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. हलक्या सरंजामानिशी वेगाने हालचाल करणारे मराठा घोडदळ हे त्याच्या युद्धतंत्राचे बळ होते. अहमदनगर शहरात आज चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि तेथील रणगाडा संग्रहालयाच्या नावात 'कॅव्हलरी' हा घोडदळवाचक शब्द टिकून आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले.

भीमथडी घोड्याला २०२३-२४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचे बिऱ्हाड वाहणारे हे काटक जनावर बांध्याने लहान असते. खोगिराचा विचार करताना हा लहान बांधा महत्त्वाचा ठरतो.

फायदे कोणते?

सांगाडा नसलेल्या खोगिराचा पहिला गुण म्हणजे लवचीकपणा. घोड्याची पाठ वर्षभर एकसारखी राहत नाही. पर्जन्यछायेच्या प्रदेशात उन्हाळ्यात चारा आटला की घोडा उतरतो, कण्याच्या बाजूचे मांस कमी होते. पावसानंतर तो पुन्हा भरतो. कडक सांगाडा मात्र आहे त्याच मापाचा राहतो. अरुंद सांगाडा खांद्यांमागे चिमटा घेतो आणि रुंद सांगाडा मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्यावर टेकतो. दोन्ही प्रकारांत पाठ सोलवटते. बिनसांगाड्याचे खोगीर बदलत्या पाठीशी बऱ्याच अंशी जुळवून घेते.

दुसरा फायदा खांद्यांच्या मोकळिकीचा. पाऊल पुढे टाकताना घोड्याचे खांद्याचे हाड मागे सरकते. तेथे कडक कड आडवी आली, तर पाऊल आखूड पडते. शिवाय हे खोगीर वजनाला हलके असते आणि स्वाराला घोड्याची हालचाल अधिक जवळून जाणवते. फार रुंद, आखूड किंवा दोन्ही बाजूंनी असमान पाठीच्या घोड्यांसाठी अनेकदा हाच व्यवहार्य पर्याय उरतो.

मर्यादा कोणत्या?

मऊ वस्तू भार पसरवतेच असे नाही. गादीवर बसल्यावर भार बसणाऱ्याच्या बुडाखालीच साठतो. गादीखाली फळी असेल तरच तो सर्वत्र पसरतो. २०१२ मध्ये 'द व्हेटरिनरी जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ घोड्यांच्या पाठीवर दाबमापक चटई ठेवून दोन्ही प्रकारांची तुलना करण्यात आली. स्वार बसून दुडक्या चालीने जात असताना, सांगाड्याच्या खोगिराखाली भार अधिक क्षेत्रावर पसरला. बिनसांगाड्याच्या खोगिराखाली सरासरी आणि कमाल, दोन्ही दाब अधिक आढळले.

दुसरा प्रश्न रिकिबीचा. आधाराला सांगाडा नसल्याने रिकिबीवर उभे राहताना सारा भार तिच्या पट्ट्याखालील अरुंद जागेवर येतो. जमिनीवरून चढताना खोगीर एका बाजूला सरकते. ते रोखण्यासाठी तंग अधिक आवळला, तर घोड्याला वेगळाच त्रास होतो. गोल, सपाट पाठीच्या घोड्यांवर ही अडचण विशेष जाणवते. कण्यावरची मोकळी पन्हळही आपोआप राहत नाही. त्यासाठी खाली दोन बाजूंना उंच आणि मध्ये पोकळ असलेला जाड नमदा घालावा लागतो. त्याविना हे खोगीर वापरणे धोक्याचे.

वजनाचा हिशेब

अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ व ३० टक्के भार देण्यात आला. २५ टक्क्यांपासून पुढे स्नायूंचा ताठरपणा व दुखणे वाढल्याचे दिसले. त्यामुळे खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावा, असा संकेत रूढ आहे. २५० किलोच्या तट्टाला हा भार केवळ ५० किलो होतो. बहुतेक प्रौढ पर्यटक ही मर्यादा ओलांडतात.

माथेरानसारख्या ठिकाणी घोडा हा अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचा आधार आहे. भाड्याच्या घोड्यावर दिवसभरात वेगवेगळ्या वजनाचे, घोड्यावर बसण्याचा सराव नसलेले स्वार बसतात. एकच खोगीर अनेक घोड्यांवर चालावे, म्हणून मऊ खोगिराचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याचे दोष नेमके जड आणि असंतुलित स्वाराखालीच उघडे पडतात. हलका, तोल सांभाळणारा स्वार आणि थोडा वेळ, या मर्यादेत ते चांगले काम देते. जड स्वार, लांब पल्ला किंवा रोजचे भाडे असेल, तर मापाने बसवलेला सांगाडाच घोड्याच्या हिताचा.

निवड कशी करावी?

निवडीचा अखेरचा निकाल घोड्याची पाठच देते. फेरी संपल्यावर खोगीर उतरवून घामाचे डाग पाहावेत. ओल्या पाठीवर मध्येच सुकी राहिलेली जागा बहुधा जास्त दाबाची खूण असते. कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटे दाबत नेल्यास घोडा दचकतो किंवा पाठ खाली घालतो का, हे तपासावे. खोगिराच्या जागी पांढरे केस उगवले असतील, तर तेथे पूर्वी इजा झाली आहे असे समजावे. चढण्यासाठी नेहमी ओटा किंवा दगड वापरावा आणि नमदा धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा घालावा. पाठीवर जखम दिसल्यास ती भरेपर्यंत घोड्याला विश्रांती द्यावी. वर आणखी एक मऊ घडी घातल्याने खालचा दाब हटत नाही.