मधुमेह, हृदयदौर्बल्य आणि रक्तवाहिनीचा अंतःस्तर

शरीराचा एखादा घटक दृष्टीस पडणे आणि त्याचे कार्य उमगणे यांमध्ये वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा दीर्घ काळ लोटलेला आढळतो. रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर हे त्याचे ठळक उदाहरण होय. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रुधिराभिसरणाचा सिद्धांत मांडला. परंतु रोहिण्यांतील रक्त नीलांत कोणत्या मार्गाने जाते, हे त्यास दाखविता आले नाही. तो मार्ग, म्हणजे केशवाहिन्या, मालपीगी याने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाहिन्यांच्या आतील पातळ पेशीथराला विल्हेल्म हिस याने १८६५ मध्ये स्वतंत्र नाव दिले. तथापि त्यानंतरही शतकभर हा थर नळीचे निष्क्रिय अस्तर म्हणूनच गणला गेला.

टोरंटो येथे १९२१-२२ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला आणि मधुमेहाचे स्वरूप पालटले. बेशुद्धीत दगावणारा रुग्ण आता दीर्घकाळ जगू लागला. त्याबरोबरच डोळे, मूत्रपिंडे व हृदय यांतील वाहिन्यांचे विकार पुढे आले. १९७२ मध्ये शर्ली रुब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाची हकिकत प्रसिद्ध केली. हृदयाच्या मोठ्या रोहिण्यांत पुरेसे कारण न सापडताही त्यांची हृदये दुर्बल झाली होती. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम येथे १९४८ पासून चाललेल्या पाहणीच्या आधारे १९७४ मध्ये असे दिसून आले की, मधुमेही पुरुषांत हृदयदौर्बल्याचा धोका दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे पाचपट असतो. मग या दोन व्याधींना जोडणारा दुवा कोणता, हा प्रश्न उरला. हृदयतज्ज्ञांचे लक्ष रक्त ढकलणाऱ्या स्नायूवर होते, मधुमेहतज्ज्ञांचे रक्तातील साखरेवर.

उत्तराची दिशा निराळ्याच प्रयोगातून मिळाली. ब्रुकलिन येथील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीवर ॲसिटिलकोलिनचा परिणाम अभ्यासीत होते. पट्टी तयार करताना अंतःस्तर नकळत घासला जाई आणि पट्टी आकुंचन पावे. तो अभंग राहिल्यास तीच पट्टी सैलावे. हा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. अंतःस्तरातून स्रवणारे ते द्रव्य नायट्रिक ऑक्साइड होय, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नॅरो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मधुमेहात वाढलेल्या साखरेमुळे या द्रव्याचा नाश वाढतो. हृदयदौर्बल्यातही वाहिन्यांची प्रसरणक्षमता मंदावते. २०१३ मध्ये पाउलुस व चोपे यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. मधुमेह, स्थूलता व रक्तदाब यांमुळे हृदयातील सूक्ष्मवाहिन्यांच्या अंतःस्तराला दाह होतो आणि त्यातून स्नायू ताठरतो, अशी त्यांची उपपत्ती आहे. आकुंचन टिकूनही नीट शिथिल न होणाऱ्या हृदयाचे कोडे तिने बरेचसे उकलले. तथापि ती निर्विवाद ठरलेली नाही.

२०१५ मध्ये ७,०२० मधुमेही हृद्रोग्यांवरील चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयदौर्बल्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले. २०१९ मध्ये त्याच वर्गातील डापाग्लिफ्लोझिन मधुमेह नसलेल्या दुर्बल हृदयाच्या रुग्णांनाही उपकारक ठरले. म्हणजे केवळ साखर उतरणे हे या लाभाचे कारण नव्हे. त्यात मूत्रपिंडाचा वाटा किती आणि अंतःस्तराचा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाही. मात्र अस्तर म्हणून दुर्लक्षिलेला तो थर आता त्या वादाच्या मध्यभागी आला आहे.