उसने काळीज

१७ जून १९६१ रोजी बंगळूरच्या आकाशात ‘मारुत’ प्रथम झेपावले. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली आपल्याच माणसांनी हे लढाऊ विमान घडविले होते. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जावे, हा संकल्प; पण वाऱ्याचे नाव लाभलेले ते विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. देह सुडौल होता, काळीज मात्र दुबळे! ज्या ब्रिटिश इंजिनाच्या भरवशावर आराखडा आखला, त्याचे काम ब्रिटनने अर्ध्यावर सोडले आणि पुढचा खर्च उचलायला आपण तयार झालो नाही. ती काटकसर फार महाग पडली, असे मला वाटते.

या यंत्रात इतके अवघड ते काय? हवा ओढायची, दाबायची, तीत इंधन जाळायचे नि तप्त झोत मागे सोडायचा, तत्त्व एवढेच. खरी परीक्षा असते झोताच्या वाटेवर गरगरणाऱ्या पात्यांची. त्यांचा धातू सुमारे १३५० अंश सेल्सियसला वितळू लागतो आणि अंगावर येणारा वायू असतो १५०० अंशांच्या वर! तरी पाते तगते. कारण ते आतून पोकळ असते, त्या पोकळीत त्यामानाने थंड हवा खेळते आणि वर उष्णतारोधक लेप असतो. शिवाय अख्खे पाते एकाच स्फटिकाचे, म्हणजे तडा जायला सांधाच नाही. ही विद्या जाणणारे देश ती सहसा कुणाला देत नाहीत.

रडारला चकविणाऱ्या विमानाने ही अडचण वाढविली. इंजिनाची फिरती पाती रडारला दिसू नयेत म्हणून हवेची वाट नागमोडी करावी लागते. मग हवा विस्कळीत पोचते, आणि इंजिनाने तीही निमूट पचवायची. शिवाय मागच्या झोताची ऊब लपवायची ती वेगळीच.

१९८९ साली आपण ‘कावेरी’ इंजिन हाती घेतले. अपेक्षित जोर ८१ किलोन्यूटन. हाती आला सुमारे ७०. २००८ साली ‘तेजस’शी त्याची ताटातूट झाली, ते विमान २००१ पासून अमेरिकन इंजिनावरच उडत आले आहे. २०२४ साली मंजूर झालेल्या ‘अ‍ॅम्का’ या अदृश्यप्राय विमानाचा आरंभही अमेरिकन इंजिनावरच योजला आहे.

मात्र २०२१ साली हैदराबादच्या धातुसंशोधन प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी ६० पाती घडवून दिली. लढाऊ विमानाचा पल्ला अजून दूर आहे, हे खरे. पण ‘मारुत’च्या वेळी जी वाट आपण सोडून दिली, ती याच पात्यांवरून पुढे जाते. या खेपेस खर्चाला भिऊन मागे फिरू नये.