हिरवा ठिपका पुढे, साखर मागे

किराणा दुकानात बिस्किटाचा पुडा हातात घेतलात की व्हेज आहे की नॉनव्हेज, हे कळायला किती वेळ लागतो? एक सेकंदही नाही. हिरवा ठिपका दिसला की झालं. आता त्याच पुड्यात साखर किती, ते सांगा बरं. पुडा उलटा करा, चष्मा शोधा, मुंगीएवढ्या अक्षरातला तक्ता वाचा आणि वर गुणाकार करा. असं का? यामागे थोडा इतिहास आहे.

आपला अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. तेव्हाची काळजी वेगळी होती. दुधात पाणी, हळदीत रंग, तेलात भलतंच तेल. माल शुद्ध आहे ना, एवढंच कायदा विचारायचा. शुद्ध साखर आणि शुद्ध मीठ पोटात किती जातंय, हा प्रश्न तेव्हा नव्हताच.

२००१ मध्ये ठिपक्यांचे नियम आले. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही वाचता येईल असं हे लेबल. पुढे रंग नीट न दिसणाऱ्यांसाठी मांसाहाराच्या तपकिरी ठिपक्याचा त्रिकोणही झाला. म्हणजे मनात आणलं तर सोपं लेबल करता येतं!

पोषणाचा तक्ता सक्तीचा झाला २००९ पासून. तोही बहुतेक पुड्यांवर पाठीमागेच. २०१८ मध्ये एफएसएसएआयने साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटावर पुढच्या बाजूला लाल खूण सुचवली. उद्योगाने विरोध केला, मसुदा बारगळला. २०२२ मध्ये ताऱ्यांची योजना आली. त्यात फायबर, सुकामेव्याचे गुण साखरेच्या दोषातून वजा होतात, म्हणजे गोड पदार्थालाही तारे मिळू शकतात. चिलीने मात्र २०१६ पासून पाकिटाच्या तोंडावरच काळा अष्टकोन छापायला लावला: 'साखर जास्त'. विषय संपला. आपल्याकडे एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला तीन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आणि २०२३ च्या आयसीएमआर अभ्यासानुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत.

तोवर आपणच पुडा उलटा करायचा. चार गोष्टी बघा.

१. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीनात साखर किंवा ग्लुकोज सिरप असेल तर तो गोड पदार्थच, पुढे 'हेल्दी' लिहिलेलं असलं तरी.
२. 'पर सर्व्ह'चा आकडा छोटा दिसतो, कारण सर्व्हिंगच दोन-तीन बिस्किटांचं असतं. तुलना करायची तर १०० ग्रॅमचा आकडा धरा.
३. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक चमचा. पाकिटावरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर धरून काढलेली असते. चहातली साखर त्यातच मोजा.
४. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स घेताना हे जरूर बघा.

पण खरं सांगू? हा गृहपाठ प्रत्येक आईने दुकानात उभं राहून करावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. ताटात काय पडतंय हे कळणं आपला हक्क आहे, हे ठिपक्याच्या बाबतीत आपण केव्हाच मान्य केलं. साखरेच्या बाबतीत ते अजून मागावं लागतंय. मागू या. आणि आज घरातला एक तरी पुडा उलटा करून बघा.