जुन्या मोटारीचा सौदा

दिवाळी जवळ आली, की आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत दोन विषय हटकून निघतात. एक सणाच्या उचलीचा आणि दुसरा जुन्या मोटारीचा. उचल अजून हातात पडलेली नसते, फराळाचे सामान वाण्याकडेच असते, आणि तेवढ्यात कुणीतरी खुर्ची पुढे ओढून विचारतो, "काय हो, दोन लाखांत एखादी बरी गाडी मिळेल का? लांब कुठं जायचं नाही. भाऊबीजेला सांगली, वर्षातून एकदा औदुंबर आणि नरसोबाची वाडी, अधूनमधून आईला घेऊन मिरजेचा दवाखाना. बस्स." मग जो तो आपापल्या मेव्हण्याच्या गाडीची तारीफ सुरू करतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला सगळेच ठाऊक असते अशी एक समजूत आहे, म्हणून शेवटी प्रश्न माझ्याकडे येतो. मी त्याचे उत्तर इतिहासापासून सुरू करतो, आणि मंडळी तास भरल्याच्या घंटेची वाट पाहू लागतात. येथे घंटेचे भय नाही.

आमच्या सातारा-सांगलीकडे घरची मोटार म्हणजे बहुधा जुनीच मोटार. नवी मोटार ही आमच्याकडे बातमी असते. जुनी मोटार हा व्यवहार असतो. आणि या व्यवहाराचे मूळ मोटारीत नाही, विहिरीवरच्या इंजिनात आहे, असे माझे मत आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना मांडला. तेथे लोखंडी नांगर होऊ लागले. पुढे बारा वर्षांनी, १९२२ साली, धनजीशा कूपर यांनी कोरेगाव तालुक्यातल्या सातारारोडला कारखाना काढला. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. त्यांच्या कारखान्यातून नांगरांच्या जोडीने डिझेल इंजिने बाहेर पडू लागली आणि कृष्णाकाठच्या विहिरींवर मोटेच्या कुरकुरीऐवजी इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात मोटारीत पाय ठेवला नव्हता, तो अंथरुणात पडल्यापडल्या सांगू लागला, की आज ठोका चुकतो आहे, तेलात पाणी असावे. इंजिन ऐकण्याचा हा कान आमच्या मुलखाला मोटारीच्या आधीच लाभला होता. पुढे याच कानाच्या माणसांनी पुणे-बंगळूर रस्त्याच्या कडेला गॅरेजे काढली.

त्याच काळात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या डोक्यात हिंदी मोटारीचे स्वप्न घोळत होते. त्यांनी १९४० च्या सुमारास सातारारोडचा कूपरांचा कारखाना आपल्या समूहात घेतला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या मोटारी बाहेर आल्या. पण त्या अमेरिकन ढंगाच्या, थोरल्या अंगाच्या. वालचंद १९५३ मध्ये वारले. सांगलीत १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचे नाव मिळाले, ते आजही आहे. तेव्हा सांगली जिल्ह्याचे नावही निराळे होते. १९४९ पासून १९६० पर्यंत त्याला 'दक्षिण सातारा' म्हणत. म्हणून सातारा आणि सांगली यांच्या मोटारींची हकीकत मी वेगळी सांगत नाही.

कुर्ल्याची जी गाडी आमच्या दारांत आली ती १९५४ नंतरची फियाट. अकराशेला थोडे कमी, म्हणजे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकापाशी, त्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे बसत आणि चौथे पोर मांडीवर. १९६४ मध्ये तिचे रूप पालटले, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. दुसरी अ‍ॅम्बॅसिडर; १९५७-५८ पासूनची. तिचे इंजिन १४८९ सीसी, पोट मोठे आणि पेट्रोलची तहानही मोठी. तिसरी मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, १९६१ ची. निवड करायची ती या तिघींतून. त्यापूर्वी परदेशी कंपन्या येथे गाड्या जुळवून विकत असत. पण देशात सुटे भाग तयार करण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल त्यांनीच राहावे असे धोरण १९५३ मध्ये ठरले, आणि फोर्ड व जनरल मोटर्स यांनी आपले बाडबिस्तरे गुंडाळले.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यावर आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षकांचा विश्वास बसत नाही. त्या काळात जुनी मोटार नव्या मोटारीपेक्षा महाग विकली जाई. कारण सरळ होते. कारखान्यांना किती गाड्या काढायच्या याचा परवाना असे, आणि मागणी त्याहून पुष्कळ. पैसे भरून नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे थांबावे. किमतीवर सरकारची नजर होती. १९६९ मध्ये तर किमतींचा हुकूमच निघाला आणि कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. नव्या फियाटची कारखान्यातली किंमत तेव्हा चौदा-पंधरा हजारांच्या आसपास बांधलेली. परंतु जुनीची किंमत कोण बांधणार? ज्याला आज गाडी हवी तो आजचे दाम मोजी. म्हणूनच १९५९ च्या हुकमाने असे बंधन घातले होते, की नवी गाडी घेतल्यावर दोन वर्षे ती परवानगीवाचून विकता येणार नाही. नाहीतर नाव नोंदवणे हाच एक धंदा झाला असता, थोडाफार झालाही.

अशा बाजारात निवडीला अर्थ काय? तरीही लोक निवड करीत, आणि फार शहाणपणाने करीत. गाडी कुठली हा त्यांचा पहिला प्रश्न नसे. तिची दुरुस्ती करणारा मिस्त्री आपल्या गावात आहे काय, हा पहिला प्रश्न. तिचा क्लच, तिची पंपाची पडदी, तिचे पाटे कराडला मिळतात की पुण्याला माणूस धाडावा लागतो, हा दुसरा. साखर कारखान्याच्या अध्यक्षांना उसाच्या कच्च्या रस्त्यांवरून हिंडायचे असे, त्यांना अ‍ॅम्बॅसिडर. डॉक्टरांना आणि वकिलांना गावातल्या गावात आणि फार तर वाई-मिरजेपर्यंत, त्यांना फियाट. कराडच्या माझ्या मामांकडे अशीच एक फियाट होती. त्यांच्या हाती आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. तिच्यात आम्ही नऊ जण, फराळाचे दोन डबे आणि एक आजी असे भाऊबीजेला निघत असू. घाटाच्या पायथ्याशी थांबून पाणी घालायचे, वर जाऊन पुन्हा थांबायचे, हा त्या काळच्या सगळ्याच गाड्यांचा कुळाचार होता. पसरणीच्या घाटात ओळीने उभ्या राहिलेल्या, टोपण उघडलेल्या गाड्या मला आजही आठवतात.

येथे शेजारच्या इचलकरंजीची एक आठवण सांगावीशी वाटते. शंकरराव कुलकर्णी या फारसे न शिकलेल्या कारागिराने स्वतःच्या हिमतीवर एक छोटी गाडी घडवली. पहिला नमुना १९४९ चा. मग पंचवीस वर्षे सुधारणा करीत करीत त्यांनी 'मीरा' उभी केली. इंजिन मागे, अंग आटोपशीर, किंमत बारा हजारांच्या घरात ठेवण्याचा विचार. सामान्य कुटुंबाला जुन्या गाडीच्या दारात जावे लागू नये, हीच तर त्या गाडीमागची कल्पना. तिला कारखाना लाभला नाही. मीरा रस्त्यावर आली असती तर हा लेख मला लिहावा लागला नसता, पण ते असो.

पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावहून मारुती ८०० आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आमच्या मिस्त्र्यांनी प्रथम तिला पत्र्याचा डबा म्हटले. मग ती डबाबाई महिनोन्‌महिने गॅरेजकडे फिरकेना, तेव्हा ते गप्प झाले. गाड्या मुबलक झाल्यावर जुनीचा भाव नवीच्या खाली आला, आणि तेथपासून मास्तर, तलाठी, दुकानदार यांच्या दारांत मोटार दिसू लागली. २०१० च्या एप्रिलात धुराचे नवे नियम तेरा शहरांत लागू झाले आणि तेथे या गाडीची विक्री थांबली. त्या यादीत पुणे होते, सोलापूर होते, सातारा-सांगली नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन संपले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचा अखेरचा दिवस मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये आला.

इतका इतिहास तोंडपाठ असलेला माणूस फसणार नाही, असे वाटेल. मी फसलो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या. मी सहा महिन्यांनी एका दलालाकडून एक पांढरी, आटोपशीर गाडी एक लाख ऐंशी हजारांना घेतली. रंग आरशासारखा. आत अत्तराचा वास. मी तो वास शुभशकुन मानला. त्यासाठी पत्नीच्या पाटल्या मोडल्या होत्या. पावसाळा येताच दिवे आपोआप लागू लागले, मग लागेनासे झाले. शेवटी मिस्त्रीने पुढची बाक उचलली. खाली बोटभर गाळ, आणि पट्टा पुरता ओढून काढला तर त्याच्या टोकाला नदीचा चिखल वाळलेला. "गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही गाडी न्हाई, पूर इकत घेतलाय." चाळीस हजारांत ती भंगारात गेली. पत्नी त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि ते मला फार जड गेले.

दुसऱ्या खेपेला तीन वर्षे पैसे साठवले आणि गाडी पाहायला जाताना त्याच मिस्त्रीला बरोबर घेतले. मला डिझेलची गाडी मनात होती. त्याने मला पाटीवरच्या पोरासारखा हिशेब करायला लावला. महिन्याला तुमचे फिरणे तीनशे किलोमीटर. लिटरला अठरा धरले तर पेट्रोल लागेल सतरा लिटर. डिझेल बावीस धरले तर चौदा. तीन लिटरांसाठी वर हजारो रुपये द्यायचे? शिवाय २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची गाळणी असते. ती जळून साफ व्हायला इंजिन बराच वेळ तापून चालावे लागते. पोवई नाक्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्याची ती तुंबते. जवळच्या फेऱ्या इंजिनाला सोप्या असतात हा आपला गैरसमज आहे, असे तो सांगत होता. तेल पुरते तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो, बॅटरी भरण्याआधीच आपण किल्ली काढतो. म्हणून पेट्रोलची साधी, लहान गाडी घ्यावी, तेल किलोमीटरवर नव्हे तर वर्षावर बदलावे, आणि पंधरवड्यातून एकदा कराडपर्यंत मोकळी पळवून आणावी. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची गाडी त्याने पाहूसुद्धा दिली नाही. फेरनोंदणीचे पाच हजार आणि वरचा पर्यावरण कर यांत स्वस्ताई बुडते.

शेवटी साताऱ्यातल्याच एका निवृत्त गृहस्थांची नऊ वर्षांची गाडी पसंत पडली. डोळे अधू झाल्याने ते विकत होते. मिस्त्रीने त्यांना एकच अट घातली, आम्ही येईपर्यंत सकाळी गाडीला कुणी हात लावायचा नाही. तापलेले इंजिन खोटे बोलते, थंड इंजिन बोलत नाही, असे त्याचे म्हणणे. थंडीत सहा वाजता आम्ही गेलो. टोपणावर दव होते. त्याने किल्ली फिरवली, खाली उतरला आणि टोपणावर तळहात ठेवून डोळे मिटून उभा राहिला. "माझा बा हिरीवर असाच हुबा ऱ्हायचा," एवढे म्हणाला आणि पुन्हा गप्प. पाच मिनिटांनी डोळे उघडून म्हणाला, "घ्या."

पाडव्याला आईला पुढे बसवून आम्ही त्या गृहस्थांच्या घरावरून गेलो. फराळाचा डबा द्यायचा होता. ते काठी टेकत फाटकापर्यंत आले. गाडी त्यांना नीटशी दिसत नव्हती. मी किल्ली काढू लागलो, तर त्यांनी हाताने थांबवले. थोडा वेळ कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "टॅपेट जरासे वाजताहेत, मास्तर. दाखवून घ्या."